खांब ज्यांचे, गोली त्यांचा

खालापूरहून परतताना टेंपोत कुणी कुणाशी भांडलं नाही, यावरूनच आजची हार किती मोठी आहे ते कळत होतं. दोन-शून्यने हरलं की वाटेतलं चौक गाव येईपर्यंत भांडण चालायचं: पास कुणी दिला नाही, कुणाचे बूट उसवलेले होते, रेफरी कुणाचा मेहुणा. आज चार-शून्य होतं. चार गोल खाल्ल्यावर भांडायलाही काही शिल्लक राहत नाही.

टेंपो चालवत होता कमाल मुकादम. कर्जतला त्याचं पाण्याच्या मोटरी वाइंड करायचं दुकान होतं, वय चौपन्न, आणि गेली तीस वर्षं उल्हासकाठ स्पोर्टिंगचा एकही सामना त्याने चुकवलेला नव्हता. तरुणपणी याच क्लबातून तो उजव्या बगलेवरून पळायचा. आता गुडघे गेले होते, आवाज तेवढा शाबूत होता.

आरशात त्याला मागे बसलेला गोलकीपर हरेश दिसत होता. हातमोजे मांडीवर, नजर हातमोज्यांवर.

"चाचा, चौथा तरी माझ्या हातात नव्हता," हरेश हळूच म्हणाला.

"पहिले तीन हातातच होते रं. तिथनंच सुटले."

हरेश वाईट माणूस नव्हता. बॉल वाईट फेकायचा, वाईट पकडायचा, पण माणूस चांगला. तो गोलात का उभा राहतो याचं कारण चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. उल्हासकाठ सुरू झालं तेव्हा गोलपोस्टला बांबू होते. हरेशच्या आजोबांनी घरचे लोखंडी पाइप दिले, वेल्डिंग करून दिलं, आणि दर पावसाळ्याआधी ते खांब सोडवून स्वतःच्या पडवीत नेऊन ठेवायची जबाबदारीही घेतली. तेव्हापासून गोली त्यांच्या घरातला. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, लिहायची गरजही कुणाला वाटली नाही. आजोबा उत्तम गोली होते. वडील बरे होते. मग हरेश आला. उरलेले दहा जणही असेच निवडले जायचे, प्रत्येक आळीचा एक. ज्या आळीत खेळणारं कुणी नसेल, ती आळी न खेळणारा पाठवायची.

आणि समोरच्या संघाकडे होता पोपट.

पोपट आणि कमाल कर्जतच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे पोपटने खालापूरला हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि टोलनाक्याजवळच्या पोरांना धरून नाका इलेव्हन उभी केली. बारा वर्षांचा क्लब, पण कमालला त्यांचं सगळं पाठ होतं. त्यांच्या अकराही जणांचे मोजे एका रंगाचे होते. हाफटाइमला त्यांच्यात मीठ लावलेल्या काकडीच्या फोडींचं भांडं फिरायचं, उल्हासकाठकडे पाण्याचा एक जार आणि त्याला दोरीने बांधलेला एक ग्लास. त्यांचा स्ट्रायकर पेणचा, बॅक कल्याणचा. पोपट स्वतः जाऊन, तीन-तीन सामने बघून, घरच्यांशी बोलून एकेकाला आणायचा. खेळाडूची आळी कोणती, हे त्याने कधी विचारलं नसेल. कमालला त्यांच्या गोलच्या नेटचासुद्धा हेवा वाटायचा. त्या नेटला भोकं नव्हती, म्हणजे जेवढी असायला हवीत तेवढीच होती.

त्यातून पोपट चिडवायचा नाही. त्याने चिडवलं असतं तर सोसलं असतं. आज निघताना तो टेंपोच्या खिडकीशी येऊन म्हणाला होता, "कमाल, चहा न घेता चाललास?" आणि कमालने गियर टाकला होता.

स्पर्धेत आठ क्लब. शेवटचा येईल तो पुढच्या वर्षी खालच्या गटात, नवशिक्यांबरोबर. उल्हासकाठ सातव्या जागेवर लटकत होतं आणि शेवटचा सामना तीन आठवड्यांनी कर्जतला, पुन्हा नाका इलेव्हनशीच. बरोबरी झाली तरी वाचत होतं. पण हरेश गोलात असताना बरोबरी करायची म्हणजे आपण किती गोल करायचे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मंगळवारी कमाल भिवपुरीला गेला. वीजकेंद्राच्या वसाहतीपलीकडे एका शेतकऱ्याची मोटर बसवायची होती. काम आटोपून तो हात धूत होता, तेव्हा शेजारच्या घरावर पावसाळ्याआधी कौलं परतायचं काम चाललेलं दिसलं. खालून दोघे जण कौलं फेकत होते आणि वाशांवर उभा असलेला एक तरुण ती झेलून मागच्या माणसाकडे देत होता. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं. फेकणारे दमलेले होते, त्यामुळे एक डावीकडे जायचं, एक उजवीकडे, एक अर्ध्यातच मान टाकायचं. वरचा हात तिथे आधीच पोचलेला असायचा. कमालने मोजायला सुरुवात केली. चौसष्ट कौलं वर गेली. फुटलं एक, तेही मागच्या माणसाकडून.

तरुण पाणी प्यायला खाली उतरला, तेव्हा कमाल त्याच्याजवळ गेला.

"नाव काय रं तुझं?"

"हिरू. कोंडाण्याचा."

"बॉल खेळतोस?"

"खेळतो ना गावात. गोलात असतो."

"गोलातच का?"

"पोरं म्हणतात, तू पळू नको, नुसता उभा राहा."

कमालच्या टेंपोत बॉल कायम असायचा. वसाहतीच्या मैदानावर दोन दगड ठेवून त्याने वीस फटके मारले. गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब चुकता केला, पण त्या क्षणी त्याला काही जाणवलं नाही. विसातले तीन आत गेले. त्यातल्या दोन वेळा हिरूचं लक्ष नसताना कमालने मारला होता.

"उद्या आमची सभा हाय," कमाल म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि हसू आवरत नव्हतं. "गुरुवारी सकाळी तुला न्यायला येतो. कुठं जाऊ नको. घरीच थांब."

"थांबतो की काका," हिरू म्हणाला.

दुकानात परतला तर पोपट बाकड्यावर बसलेला. जळकी मोटर घेऊन आला होता. कमालला आधी वाटलं की योगायोग असेल. मग पोपट म्हणाला, "भिवपुरीकडं एक पोरगा कौलं भारी झेलतो म्हणतात. तुझं जाणं असतं तिकडं. बघितलास काय रं?"

हा माणूस बसल्या जागी ऐकतो, उद्या जाऊन बघेल, परवा घेऊन जाईल. पोराला एकसारखे मोजे देईल. काकडी खायला देईल. आणि आपण सभेत आळ्या मोजत बसू.

"बघितला," तो मोटरचं झाकण उघडत म्हणाला. "हात चांगला हाय. पण उपयोग नाय."

"का रं?"

"रातांधळा हाय. सांज झाली की दिसत नाय त्याला."

ते इतक्या सहज आलं की कमाल स्वतःच चकित झाला. सामने साडेपाचला सुरू व्हायचे आणि शेवटची वीस मिनिटं उजेड उतरतीला लागलेली असायची. सांजेला न दिसणारा गोली कुणालाच नको असणार. खोटं बेतायचं तर असं मापात बेतावं.

पोपटचा चेहरा पडला. पण कमालला हवा तसा नाही. "आरं रं," तो म्हणाला. "तरणाताठा पोरगा. औषध नसतं का त्याला?"

"काय की," कमाल म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी भाताच्या गिरणीमागच्या खोलीत सभा बसली. नागूशेट अध्यक्ष. नागूशेट म्हणजे हरेशचा चुलता, म्हणजे खांबांचं घर. कमालने उभं राहून एका दमात सांगितलं: गोली बदलल्याशिवाय वाचत नाही, एक पोरगा आहे, आपल्या कुठल्याच आळीचा नाही, पण चौसष्ट कौलांतलं त्याच्या हातून एकही फुटलं नाही.

मग हरेशच बोलला. "माझी काय हरकत नाय. खांब मी ठेवीन की पडवीत. गोलात दुसरा उभा करा. मला रात्री स्वप्नात बॉल दिसतात."

सगळ्यांनी नागूशेटकडे पाहिलं. नागूशेट मानेवरून हात फिरवत राहिले. चाळीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं आणि विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे घरात ठरलेलं नव्हतं.

"एवढ्या साली चालेल," ते शेवटी म्हणाले. "पोराचं नाव काय?"

"हिरू. कोंडाण्याचा."

नागूशेटचा हात मानेवरच थांबला. "कौलं झेलतो तो? आरं, त्याला सांजचं दिसत नाय. सकाळीच पोपटचा फोन आलेला. विचारत होता, रातांधळ्यावर कुणी वैद्य माहीत हाय का म्हणून."

"ऐकीव असंल," कमाल म्हणाला.

"पोपट ऐकीव बोलतो काय? माणसाची पारख त्याला नाय तर कुणाला?"

माना हलल्या. कमालला ते अधिक लागलं. आपल्याच खोलीत, आपल्याच लोकांच्या माना पोपटच्या नावावर हलत होत्या.

"मी स्वतः बघितलाय त्याला," तो म्हणाला.

"कधी?"

"दुपारी."

"दुपारचं कोण इचारतंय कमाल? म्याच साडेपाचला असते."

एक वाक्य बोलायचं होतं. 'ते मी पोपटला सांगितलं होतं आणि ते खोटं होतं', एवढंच. पण त्याच्या मागोमाग 'का सांगितलंस' आलं असतं, आणि त्याचं उत्तर वीस माणसांपुढे द्यायचं म्हणजे अंगातले कपडे उतरवण्यासारखं होतं. कमाल खाली बसला. हरेशने एक उसासा टाकला आणि हातमोजे पुन्हा पिशवीत घातले.

गुरुवारी सकाळी कमाल कोंडाण्याला गेला नाही. काय सांगणार होता? त्याने मनात वेगळा बेत आखला. मुलगी हुमा खोपोलीच्या एका नेत्रालयात डोळे तपासायची. तिच्याकडून हिरूचे डोळे तपासून घ्यायचे, कागद आणायचा, नागूशेटपुढे ठेवायचा. कागदापुढे कुणाचं काय चालणार? आणि स्वतःला काही बोलावंही लागणार नाही. शुक्रवारचा दिवस एका साखर कारखान्याच्या भल्यामोठ्या मोटरीत गेला.

शनिवारी जेवताना त्याने विषय काढला. "हुमा, एका पोराचे डोळे तपासायचे होते गं. कोंडाण्याचा हाय, हिरू नावाचा."

हुमाने भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. "त्याचे डोळे काल तपासले मी. पोपटकाका घेऊन आले होते."

कमालने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"खरं तर पेशंटचं घरी सांगू नये," हुमा म्हणाली, "पण काकाच अख्ख्या दवाखान्याला सांगत होते. कमालनं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर पोराचे डोळे गेले असते. अंधाऱ्या खोलीत बसवून सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनीही पाहिलं. अब्बा, त्याला काहीही झालेलं नाही. अंधारात तो माझ्यापेक्षा चांगलं बघतो."

"मग बरंच झालं की."

"तुम्हाला कशावरून वाटलं रातांधळेपणा आहे? अडखळला का कुठे?"

"नाय."

"कुणी सांगितलं?"

कमालने ताटाकडे बघत आमटी वाढून घेतली. हुमा वाट बघत राहिली, कारण पेशंटला अक्षरं दाखवून उत्तराची वाट बघायची तिला सवय होती. मग कुणीच सांगितलेलं नाही हे तिला कळलं आणि तिने भाकरीचा तुकडा उचलला.

"काका विचारत होते, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या," ती म्हणाली. "म्हटलं, कसल्याच नकोत. तर तिथेच त्याला म्हणाले, मग आमच्याकडे खेळशील का?"

शेवटच्या सामन्याला अख्खं कर्जत लोटलं होतं. नाका इलेव्हनच्या गोलात नवी हिरवी जर्सी घालून हिरू उभा राहिला तेव्हा उल्हासकाठच्या बाजूला आधी कुजबुज झाली आणि मग आनंद पसरला.

"आरं, हा तर आंधळा."

"पोपट येडा झाला काय?"

"दुसरा मिळाला नसंल. बरोबर हाय, त्याचा पण वाईट दिवस येतो कधीतरी."

कप्तान ऋषिकेशने पोरांना गोळा करून डाव सांगितला. साडेसहापर्यंत नुसतं अडवायचं, दम राखायचा. सूर्य माथेरानच्या डोंगराआड गेला की मग मारायचं. गोलात कुणी नाही असंच समजा. नागूशेटनी त्याची पाठ थोपटली. कमाल तिथेच उभा होता. गेले दोन आठवडे त्याने ते एक वाक्य गिळून ठेवलं होतं.

विसाव्या मिनिटाला हरेशच्या हातून एक सुटला. एक-शून्य. त्यानंतर मात्र उल्हासकाठने खरंच अडवलं. हरेशनेही दोन पकडले, त्यातला एक पोटाने. सूर्य डोंगराला टेकला, लाल झाला, गेला. मग मैदानभर ओरडा उठला, "मारा आता", आणि उल्हासकाठने मारायला घेतलं. पहिला फटका हिरूने छातीशी घेतला. दुसरा बोटांनी वर ढकलला. लोक म्हणाले, नशीब. अजून थोडं दिसत असेल.

वेळ संपायला दोन मिनिटं असताना नाक्याच्या बॅकचा हात बॉलला लागला. पेनल्टी.

ऋषिकेशने बॉल ठेवला आणि बुटाची नाडी सोडली. ती बांधली. दुसरी सोडली. मग म्हणाला, अंतर बरोबर वाटत नाही, पुन्हा मोजा. रेफरी, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, पावलं टाकून मोजू लागले. प्रेक्षकांतून कुणीतरी सांगितलं, दोरीने मोजा. दोरी आणायला माणूस गेला. नागूशेट समाधानाने आकाशाकडे बघत होते. उजेड विहिरीतल्या पाण्यासारखा खाली जात होता. बॉल जुना, मातीच्या रंगाचा. कमालला पंधरा पावलांवरून तो नीट दिसेना, आणि ऋषिकेश तर दहावीपासून चष्मा लावणारा, तो चष्मा आत्ता त्याच्या पिशवीत होता.

हिरू गोलात शांत उभा होता, वाशांवर उभा राहायचा तसा.

कमाल रेषा ओलांडून आत गेला. "ऋषी, मार आता. थांबू नको."

"चाचा, अजून पाच मिनिटं. पुरा अंधार होऊ दे."

"अंधार झाला की तुलाच दिसणार नाय. त्याला दिसतं."

"पोपटशेट म्हणाले ना, सांजचं..."

"पोपटला मी सांगितलेलं." कमालचा आवाज शाबूत होता तो नेमका इथे कामी आला, अर्ध्या मैदानाला ऐकू गेलं. "खोटं सांगितलं. तो त्याला घेऊन जाईल म्हणून. माझ्या पोरीनं डोळे तपासलेत, काय झालेलं नाय त्याला. मार आता."

पोपट चार हातांच्या अंतरावर काकडीचं भांडं धरून उभा होता. नागूशेटनी आकाशावरची नजर खाली आणली. "मग सभेत का नाय बोललास रं?"

कमाल रेषेबाहेर येऊन उभा राहिला. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं.

मास्तरांनी दोरी बाजूला ठेवून शिट्टी वाजवली. ऋषिकेशने डोळे बारीक केले, दोन पावलं मागे गेला, धावला आणि मारला. फटका वाईट नव्हता. खाली, डाव्या खांबाच्या आत. उजेड असता तर कदाचित आणखी चार बोटं खांबालगत गेला असता. हिरू आधीच तिथे पोचला होता. त्याने बॉल दोन्ही हातांत घेतला आणि सवयीने मागे वळला, कौलासारखा मागच्या माणसाकडे द्यायला. मागे फक्त नेट होतं.

उल्हासकाठ चाळीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या गटात गेलं.

गर्दी पांगली तेव्हा पोपट आला. कमालने मान वर केली नाही. एक शिवी येईल, निदान एक टोमणा, असं त्याला वाटत होतं. ते आलं असतं तर हिशेब फिटला असता.

"चार जागी विचारत फिरलो रं मी औषधासाठी," पोपट म्हणाला. "तू वाइंड केलेली मोटर चांगली चालते. रविवारी चहाला ये."

तो गेला. कमाल त्याच्या पाठीकडे बघत राहिला. चांगले खेळाडू, चांगलं नेट, एकसारखे मोजे, आणि वर हेही. रागवायचं नाही हेसुद्धा याच्याकडेच असावं.

हिरू हिरवी जर्सी काढून खांद्यावर टाकत आला. "काका, मला दिसत नाय असं तुमी सांगितलंत?"

"हां."

हिरूने थोडा विचार केला. त्याला त्याचं फार काही वाटलेलं दिसलं नाही. "मी गुरुवारी थांबलेलो," तो म्हणाला. "दुपारपर्यंत. कामाला पण गेलो नाय. मला वाटलं, तुमचा टेंपो बंद पडला असंल."

नाका इलेव्हनच्या टेंपोचा हॉर्न वाजला. पोपटने पुढचं दार उघडून धरलं होतं. हिरू जाऊन पुढे, पोपटच्या शेजारी बसला.

मैदानात हरेश पाना घेऊन खांबांचे बोल्ट सोडवत होता. शेवटचा सामना झाला की खांब पडवीत जायचे, जिंकलो काय आणि हरलो काय. बाकीचे कुणी थांबले नव्हते. कमालने आडव्या पाइपाचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं. गुडघ्यांनी तक्रार केली. दोघे रस्त्याला लागले, हरेश पुढे, कमाल मागे.

"म्हणजे चाचा," काही वेळाने हरेशने मान न वळवता विचारलं, "पुढच्या साली पण मीच उभा राहायचं?"

कमालने पाइप खांद्यावर जरा नीट घेतला. "खांब कुणाच्या घरी चाललेत?"

"आमच्याच."

"मग चल," कमाल म्हणाला. "पुढं खड्डा हाय. डावीकडनं घे."